काच खाली भरभर, वर मात्र रडतखडत

वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी

पावसाळा तोंडावर आला की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत वायपर, गळकी रबरे आणि पॉवर विंडो यांचा भरणा वाढतो. या वेळी काचांविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण त्यांतील बहुतेकांनी मोटर बदलण्याची तयारी केलेली आहे आणि त्यांतील निम्म्यांना तरी तसे करण्याची गरज पडू नये असे पत्रांवरून वाटते. पत्रलेखकांच्या गाड्यांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाडीत हा दोष वयाचा असतो, बनावटीचा क्वचितच.

प्रश्न : माझ्याकडे २००६ सालची पेट्रोल सेडान आहे. चारही दारांना पॉवर विंडो आहेत. चालकाच्या बाजूची काच गेल्या पावसाळ्यापासून मंदावत गेली आणि आता वर जायला दहा-बारा सेकंद घेते. कधी कधी निम्म्यावर थांबते, तेव्हा एका हाताने बटण दाबून दुसऱ्या हाताच्या तळव्याने काच वर रेटावी लागते. खाली मात्र व्यवस्थित येते. इंजिन चालू असताना त्यातल्या त्यात बरी चालते. दोन-चार वेळा लागोपाठ वरखाली केली तर पूर्ण बंद पडते आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते. एका गॅरेजमध्ये खाचेत तेल सोडून दिले. आठवडाभर काच छान चालली, नंतर पूर्वीपेक्षा वाईट झाली. दुसऱ्या ठिकाणी ‘मोटर गेली, मशीनसकट बदला’ असे सांगितले. खरेच मोटर गेली असेल का? — एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : आपल्या पत्रात निदानाला लागणारे जवळजवळ सगळे धागे आहेत, आणि त्यांतील एकही धागा सरळ मोटरकडे जात नाही. दहा मिनिटांनी आपोआप सुरू होणारी मोटर ही मेलेली मोटर नव्हे. या मोटरींच्या आत किंवा त्यांच्या वाटेवर उष्णतेने प्रवाह तोडणारा एक छोटा संरक्षक भाग असतो. मोटर जास्त वेळ जास्त प्रवाह ओढू लागली की तो तापतो, मोटर जळण्याआधी तिला थांबवतो आणि थंड झाल्यावर पुन्हा वाट मोकळी करतो. म्हणजे आपली मोटर सध्या आपल्या कुवतीबाहेरचे काम करते आहे. ते काम का वाढले किंवा तिची कुवत का घटली, हे शोधायचे आहे.

काच हळू चालण्याची कारणे तीन ठिकाणी असतात. पहिले, मोटरपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नाही. दुसरे, काच किंवा तिची उचलयंत्रणा, जिला गॅरेजमध्ये ‘मशीन’ म्हणतात, अडखळते. तिसरे, मोटर स्वतः झिजलेली असते. गॅरेजमध्ये बहुधा तिसऱ्यापासून सुरुवात होते, कारण मोटर बदलणे हे अर्ध्या तासाचे आणि बिल लावण्याजोगे काम आहे, तर खाच साफ करणे हे दोन तासांचे आणि ज्याचे पैसे मागताना संकोच वाटावा असे. नवी मोटर अंगात जोर असल्यामुळे घासणारी काचही काही महिने ओढून नेते, गिऱ्हाईक खूश होते, आणि पुढच्या वर्षी तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

हत्यार हातात न घेता करण्याची एक परीक्षा आहे आणि ती रात्री करावी. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू स्थितीत आणा, छतावरचा दिवा लावा, बटण दाबा आणि काच वर जात असताना दिव्याकडे पाहा. दिवा ठळकपणे मंदावत असेल, तर मोटर भरपूर प्रवाह ओढते आहे आणि तरी काच हलत नाही. म्हणजे अडचण घर्षणाची किंवा मोटरच्या आतली आहे. काच रडतखडत जाते आहे आणि दिव्यावर मात्र काहीच परिणाम नाही, असे असेल, तर प्रवाहच मोटरपर्यंत पोहोचत नाही. मग स्विच, वायर किंवा अर्थ (प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतण्याची वाट) यांच्याकडे वळावे. दुसऱ्या दाराची, चांगल्या चालणाऱ्या काचेची हीच परीक्षा आधी करून पाहिली म्हणजे दिवा नेहमी किती मंदावतो याचा अंदाज येतो. मात्र बॅटरी मुळातच थकलेली असेल तर दिवा कशानेही मंदावेल, म्हणून ती ठीक असल्याची खात्री आधी करून घ्यावी.

इंजिन चालू असताना काच बरी चालते, यावरून फार निष्कर्ष काढू नयेत. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज साडेबाराच्या आसपास असते आणि आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, चालू झाला की ते चौदाच्या जवळ जाते. मोटरचा वेग व्होल्टेजबरोबर वाढत असल्यामुळे निरोगी काचही इंजिन चालू असताना थोडी चपळ होतेच. पण फरक डोळ्यांत भरण्याइतका असेल, तर मोटर काठावर उभी आहे एवढे कळते. तिला काठावर कोणी आणले, ते कळत नाही.

आता तेलाविषयी. आठवडाभर मिळालेला आराम हाच आपल्या पत्रातला सर्वांत बोलका पुरावा आहे. काच दोन्ही बाजूंनी ज्या रबरी खाचेतून सरकते, तिला रन चॅनेल किंवा नुसते चॅनेल म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला बारीक मखमलीसारखे अस्तर असते आणि काच रबरावर नव्हे तर त्या अस्तरावर सरकते. वर्षानुवर्षांची धूळ त्यात बसते, ऊन रबराला कडक करते, अस्तर जागोजाग टक्कल पडल्यासारखे होते आणि काच उघड्या रबराला घासू लागते. तेल सोडल्यावर काही दिवस सगळे निसरडे होते. पण खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते, खाच आणखी अरुंद होते आणि चिपळूणसारख्या ठिकाणी लाल मातीची धूळ त्या तेलाला चिकटून तिचा चिखल होतो. तेल सोडल्यानंतर काच पूर्वीपेक्षा वाईट झाली, ती यामुळेच. गंजलेले नटबोल्ट सोडवण्यासाठी मिळणारे सर्वपरिचित स्प्रेही रबरासाठी नाहीत, हे सांगून ठेवतो. प्रत्येक घरात त्याचा एक डबा असतो आणि तो प्रत्येक दुखण्यावर मारला जातो.

खाच साफ करण्यासाठी काच पूर्ण खाली करा. लांब, पातळ पोलादी पट्टीला जुन्या सुती बनियनचा तुकडा गुंडाळा, तो सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि पुढच्या व मागच्या उभ्या खाचेत वरपासून शक्य तितके खालपर्यंत फिरवा. पहिले फडके काळेकुट्ट निघेल. फडके बदलत राहा आणि ते जवळजवळ स्वच्छ निघू लागले की थांबा. वरच्या आडव्या खाचेतही हात फिरवा, तिथे चिंचोक्याएवढे मातीचे खडे सापडतात. खाच पूर्ण वाळू द्या. ओल्या खाचेत स्प्रे मारण्यात अर्थ नाही. मग सिलिकॉन स्प्रेची नळी खाचेत घालून वरून खाली एकच सलग फवारा द्या, काच चार-पाच वेळा वरखाली करा आणि काचेवर आलेले ओघळ पुसून घ्या. काचेच्या बुडाशी आतून आणि बाहेरून जी बीडिंगची पट्टी असते, तिच्या ओठालाही तसाच हलका हात द्या. एवढे केल्यावर दहा-बारा सेकंदांचे पाच-सहा सेकंद झाले, तर दार उघडण्याची गरज नाही. चांगली काच साधारण चार-पाच सेकंदांत वर जाते.

काचेच्या पृष्ठभागावर, कडेपासून बोटभर आत, उभे ओरखडे दिसत असतील, तर खाचेचे अस्तर गेलेले आहे आणि साफसफाईने फार दिवस निभणार नाही. चॅनेल नवे घालावे. ते मोटरपेक्षा बरेच स्वस्त मिळते. जाता जाता आणखी एक गोष्ट पाहून घ्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केल्यानंतर अनेकांनी त्या घाईघाईने ओरबाडून काढल्या, आणि कडांवर राहिलेला गोंद आजही कित्येक जुन्या गाड्यांच्या खाचांत आहे. तो नखाला चिकट लागतो. स्पिरिटच्या बोळ्याने निघतो.

खाच साफ करूनही काच रडत असेल, तर मात्र दाराचे पॅड, म्हणजे आतले आवरण, काढावे लागेल. हँडलच्या मागे, हाताने दार ओढण्याच्या खोबणीत आणि आतल्या खटक्याच्या वाटीत स्क्रू दडवलेले असतात, त्यांतील काहींवर छोटी टोपणे असतात. स्क्रू काढल्यावर पॅडच्या कडेला प्लास्टिकच्या क्लिपा राहतात. फडके गुंडाळलेल्या चपट्या पट्टीने प्रत्येक क्लिपेच्या अगदी जवळ रेटा द्यावा, लांबून ओढल्यास पॅडचा पुठ्ठा फाटतो. शेवटी पॅड वर उचलून काचेच्या कडेवरून सोडवायचे. आत काळ्या चिकट पट्टीने डकवलेला प्लास्टिकचा पडदा दिसेल. तो फाडू नका. चिकट पट्टी धारदार पात्याने हळूहळू सोडवा, कारण तो जसाच्या तसा परत लावावा लागतो.

पॅडबरोबर सुटलेला स्विच आता पुन्हा जोडा आणि मोटरच्या प्लगमध्ये जाणाऱ्या दोन जाड वायरींवर मल्टिमीटर लावा. प्लग मोटरला जोडलेलाच हवा आणि मोजताना काच खरोखर वर जात असायला हवी. इथे पुष्कळ जण फसतात. प्लग काढून मोजले तर दहापैकी नऊ धागे तुटलेली वायरही पूर्ण बारा व्होल्ट दाखवते, कारण प्रवाह वाहत नसताना व्होल्टेज कुठेच गळत नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर चौदा व्होल्ट आणि मोटरवर साडेबारा-तेरा मिळाले, तर वायरिंगला दोष देऊ नये. मोटरवर साडेदहाच मिळाले, तर साडेतीन व्होल्ट वाटेत कुठेतरी जात आहेत. मोटर सात अँपिअर ओढत असेल, तर त्या ठिकाणी सुमारे पंचवीस वॉटची, म्हणजे एका लहान सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता तयार होते आहे. कधी कधी बटण हाताला कोमट लागते, त्याचे कारण हेच.

गळती शोधण्याची रीतही सोपी आहे. काच वर जात असताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे मोटरच्या धन वायरीला लावा. जो आकडा येईल तो येतानाच्या वाटेवरचा तोटा. मग बॅटरीचे ऋण टोक आणि मोटरची दुसरी वायर यांच्यात मोजा. तो परतीच्या वाटेवरचा तोटा. पॉवर विंडोच्या मोटरला बहुधा स्वतःचा अर्थ नसतो, ही गोष्ट इथे लक्षात ठेवावी लागते. काच वर न्यायची की खाली, हे मोटरच्या दोन वायरींची धन-ऋण अदलाबदल करून ठरते, त्यामुळे परतीचा प्रवाहही त्याच बटणातून जातो. वर जाताना एक संपर्क धन पुरवतो, दुसरा अर्थ पुरवतो. खाली येताना त्यांच्या भूमिका बदलतात. म्हणून एक दिशा ठीक आणि दुसरी मंद, हा दोष निव्वळ बटणाच्या एका काळ्या पडलेल्या संपर्कामुळेही होऊ शकतो. आपल्या काचेच्या बाबतीत ती शंका दूर करायची असेल, तर मोटरकडे जाणाऱ्या दोन वायरी तात्पुरत्या एकमेकींच्या जागी लावा. आता ‘खाली’चे बटण काच वर नेईल, पण संपर्कांच्या दुसऱ्या जोडीतून. तरीही काच तशीच रडत वर गेली, तर बटण निर्दोष. सरसर गेली, तर बटण उघडून पाहण्याची वेळ आली. उघडताना ते पांढऱ्या कापडावर, आणि शक्यतो पंख्याखाली नव्हे, उघडा. आतल्या इवल्याशा स्प्रिंगा उडून कुठे जातात ते कळत नाही. संपर्कांवरचा काजळीचा थर कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि अगदी बारीक पॉलिश पेपरच्या एका-दोन हलक्या हातांनी निघतो. संपर्काला खड्डा पडला असेल, तर मात्र बटण नवे घ्या.

वायरींपैकी सर्वांत जास्त सोसणारा तुकडा दार आणि खांब यांच्या मधल्या रबरी नळीत असतो. दार जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा तो वाकतो, आणि चालकाचे दार सर्वांत जास्त वेळा उघडते. बटण दाबून ठेवून दुसऱ्या माणसाला दार सावकाश उघडबंद करायला सांगा. काचेचा वेग बदलला, तर दोष तिथेच आहे. जोड देताना तो वाकणाऱ्या जागेपासून दूर, दाराच्या आत किंवा खांबाच्या आत द्यावा. सोल्डर वायरीत झिरपून तिला ताठ करते, आणि नळीच्या मधोमध दिलेला जोड काही महिन्यांत त्याच्या कडेलाच तुटतो.

व्होल्टेज पुरेसे निघाले, तर काच मशीनपासून वेगळी करा. बहुधा दोन बोल्ट असतात. काच वर रेटून रुंद चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला नीट बांधा, तीन-चार किलोची काच दाराच्या आत पडली तर तिचे तुकडे वेचण्यात दिवस जाईल. मग पट्टी सोडून काच हाताने वरखाली सरकवून पाहा. ती एका हाताच्या साध्या रेट्याने सरकायला हवी. नंतर काचेशिवाय मशीन चालवा. मशीन दोन प्रकारचे असते: केबलने काच ओढणारे आणि कैचीसारख्या पट्ट्यांनी ती उचलणारे. रिकामे मशीनही अडखळत असेल, तर केबलच्या प्रकारात केबल गुंतलेली किंवा प्लास्टिकची सरकपट्टी तुटलेली असते. कैचीच्या प्रकारात सांधे गंजलेले असतात. धातूच्या सांध्यांना आणि रुळांना पांढरे लिथियम ग्रीस लावा. रबराला नाही.

इथे एक सूचना फार गांभीर्याने घ्यावी. कैचीच्या मशीनमध्ये काचेचे वजन तोलण्यासाठी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली जाड स्प्रिंग असते. ती ताणलेली असते आणि तिला मोटरच्या गिअरने रोखून धरलेले असते. काच सोडवलेली असताना मोटरचे स्क्रू काढले, की मशीनचा दातेरी पंखा, म्हणजे हातपंख्याच्या आकाराचा गिअर, झटक्यात फिरतो आणि बोट मध्ये असेल तर ते तोडू शकतो. मोटर काढण्यापूर्वी त्या पंख्यातून आणि पत्र्यातून एक बोल्ट आरपार घालून तो कसून ठेवावा किंवा मजबूत क्लॅम्प लावावा. तशी सोय करता येत नसेल, तर ते काम स्वतः करू नये. ही स्प्रिंगच तुटलेली असेल, तर काच खाली सरसर येते आणि वर जाताना मोटरला सगळे वजन एकटीने उचलावे लागते, आणि आपण लिहिलेल्या लक्षणांशी तेही जुळते. दार उघडलेच, तर तिच्याकडे पाहिल्याशिवाय बंद करू नका.

काच मोकळी, मशीन मोकळे, व्होल्टेज पूर्ण, आणि तरीही वेग नाही, अशा वेळी मोटर खुशाल बदलावी. तिचे कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा गिअरमधले ग्रीस वाळून डिंक झालेले असते. आपल्या बाबतीत गोष्ट तिथपर्यंत जाईल असे मला वाटत नाही. चॅनेलपासून सुरुवात करा.

प्रश्न : आमच्या गाडीत चालकाशेजारच्या दाराची काच त्या दारावरच्या बटणाने वेगात चढते, पण चालकाच्या दारावरच्या बटणाने दिली तर निम्म्या वेगाने. एकाच मोटरचे दोन वेग कसे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : मोटर, मशीन आणि चॅनेल या तिघांनाही आपण निर्दोष ठरवूनच पत्र लिहिले आहे. एका बटणाने जी काच वेगात चढते, तिला दुसऱ्या बटणाने अडवणारे काहीही दाराच्या यंत्रणेत असू शकत नाही. दोष विजेच्या वाटेतच हवा. पुष्कळ जुन्या गाड्यांत चालकाच्या मुख्य पॅनेलमधून निघालेल्या वायरी थेट मोटरकडे जात नाहीत, तर त्या दाराच्या स्वतःच्या बटणातून, ते न दाबलेल्या स्थितीत जे संपर्क जुळलेले असतात त्यांतून, पुढे जातात. तेव्हा बहुधा जागा दोनच उरतात: मुख्य पॅनेलचा ‘वर’चा संपर्क, किंवा शेजारच्या बटणाचा हा विश्रांतीचा संपर्क. शेजारचे बटण आधी उघडून साफ करा, ते सोपे आहे आणि तिथे धूळ जास्त असते, कारण ते महिनोन्महिने कोणी दाबलेले नसते. फरक पडला नाही, तर मुख्य पॅनेल. चारही काचा एकाच वेळी मंदावल्या असतील, तेव्हा तर दारे उघडण्याच्या भानगडीत न पडता प्रथम मुख्य पॅनेलचा पुरवठा, त्याचा अर्थ आणि बॅटरीची टोके पाहावीत. चार मोटरी एका महिन्यात झिजत नाहीत.

प्रश्न : काचा हळू चालतात म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियनने रिले बसवण्याचा सल्ला दिला आहे. शिवाय फ्यूज दोनदा उडाल्यामुळे त्याने तीसऐवजी चाळीस अँपिअरचा घातला आहे. हे योग्य आहे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुसऱ्या गोष्टीचे उत्तर आधी देतो: चाळीसचा फ्यूज आजच काढा. फ्यूज मोटरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. तीसच्या हिशेबाने घातलेल्या वायरीत चाळीस अँपिअर वाहू दिले, तर फ्यूजऐवजी वायर वितळते, आणि ती डॅशबोर्डच्या मागे, फोम आणि गालिच्याच्या शेजारी असते. फ्यूज दोनदा उडतो, याचा अर्थ कुठेतरी मोटर अडकते आहे किंवा वायरीचे आवरण सोलून ती पत्र्याला लागते आहे. ते शोधायला हवे.

रिलेची, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालूबंद करणाऱ्या विद्युत स्विचची, कल्पना मात्र चांगली आहे, योग्य जागी वापरली तर. बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूज लावून आणलेली जाड वायर रिलेतून मोटरला देतात आणि बटणाला फक्त रिलेची गुंडाळी चालवण्याचे काम उरते. त्यामुळे बटणाच्या संपर्कांवरचा भार नाहीसा होतो. प्रत्येक काचेला पाच पायांचे दोन रिले लागतात, एक वर जाण्यासाठी आणि एक खाली येण्यासाठी. एकाच रिलेवर काम भागवतो असे कोणी म्हणाले, तर त्याला दुसऱ्या दिशेचे काय, असे विचारा. पण व्होल्टेज मोटरपाशी मोजून तोटा सिद्ध झाल्याशिवाय रिले बसवू नयेत. काच जर चॅनेलमध्ये घासत असेल, तर रिले तिला अधिक जोराने घासायला लावतील एवढेच. मोटर जास्त तापेल आणि जे काम सिलिकॉन स्प्रेच्या एका डब्यात झाले असते ते मोटर, मशीन आणि रिले अशा तिहेरी खर्चावर जाईल. आपल्याकडे फ्यूज उडतो आहे, म्हणजे प्रवाह कमी नव्हे तर जास्त वाहतो आहे. माझ्या मते आपल्या गाडीला रिलेंची गरज नाही.

प्रश्न : पावसाळ्यात दार उघडताना आतून पाण्याचा खळखळ आवाज येतो आणि त्याच दाराची काच कण्हत चढते. दोन्हींचा संबंध आहे का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : आहे. काचेवरून ओघळणारे थोडे पाणी दाराच्या आत जाणारच, गाड्या तसे गृहीत धरूनच बनवतात. ते बाहेर पडावे म्हणून दाराच्या बुडाला लांबट छिद्रे असतात. ती माती आणि पाल्याने बुजली, की दाराची टाकी होते. मोटर आणि मशीनचा खालचा भाग ओलसर हवेत राहतो, गंजतो, प्लगच्या पिनांवर हिरवट पूड चढते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होते. दार उघडून बुडाची छिद्रे लाकडी काडीने मोकळी करा. लोखंडी सळई घालू नका, रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. पाणी निघून गेल्यावर दार उन्हात उघडे ठेवा. पॅडच्या खालच्या कडेला ओल दिसत असेल, तर आतला प्लास्टिकचा पडदा कोणीतरी पूर्वीच्या दुरुस्तीत फाडलेला आहे. पॅड काढून जाड प्लास्टिकचा नवा पडदा कापा आणि ब्यूटिलच्या चिकट पट्टीने डकवा. त्याची खालची कड दाराच्या आतल्या फटीत खोचलेली हवी, म्हणजे ओघळणारे पाणी दारातच राहते, पॅडवर येत नाही. साधी सेलोटेप पहिल्याच पावसात सुटते.

प्रश्न : आपल्या मागील एका उत्तरानुसार चॅनेल बदलले, बटण साफ केले, काच आता झपाट्याने चढते. पण मागच्या सीटवर नातवंडे असतात आणि आता तिचा जोर पाहून भीती वाटते. जुन्या गाडीत काही सोय करता येते का? — एक आजी, सातारा

उत्तर : भीती रास्त आहे. नव्या गाड्यांपैकी पुष्कळांत काच अडथळा लागताच आपोआप मागे फिरते. आपल्या काळच्या गाडीत ती सोय नसणार, आणि निरोगी मोटरला मुलाचा हात आणि रबराची कड यांतला फरक कळत नाही. चालकाच्या पॅनेलवर मागच्या बटणांना कुलूप घालणारे एक वेगळे बटण असते, ते मुले गाडीत असताना कायम दाबलेले असावे. ते नीट काम करते का, हे मागे बसून स्वतः तपासा, कारण जुन्या पॅनेलमध्ये तेही झिजते. बटणे दोन्ही टोकांना दाबायची असतील, तर खिडकीतून डोके बाहेर काढणाऱ्या मुलाचा गुडघा ‘वर’च्या टोकावर पडू शकतो, म्हणून कुलूप नसेल किंवा बिघडले असेल, तर मागच्या दारांच्या बटणांचे प्लग पॅडच्या आतून काढून ठेवता येतील का, ते गॅरेजमध्ये विचारा. ज्या गाड्यांत चालकाच्या बटणाची वायर त्यांच्यातूनच जाते, तिथे तसे केल्यास चालकालाही मागच्या काचा हलवता येणार नाहीत, आणि नातवंडे लहान आहेत तोवर ती अडचण मोठी नाही. दोन मिनिटांसाठी उतरतानाही किल्ली काढून बरोबर न्यावी.

प्रश्न : मोटर खरोखर गेल्याचे नक्की झाले आहे. नवी मिळत नाही. जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून घ्यावी का, आणि घेताना काय पाहावे? — एक वाचक, कुर्ला, मुंबई

उत्तर : आपण तर त्या बाजाराच्या दारातच राहता. घ्यायला हरकत नाही, पण नुसती मोटर हातात घेऊन भाव करू नका; आपली जुनी मोटर बरोबर न्या. डाव्या आणि उजव्या दाराच्या मोटरी बहुधा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात आणि दुकानात त्या एकाच ढिगात पडलेल्या असतात. स्क्रूंच्या तीन भोकांचे अंतर, गिअरच्या दात्यांची संख्या आणि प्लगच्या पिना ताडून पाहा. दोनऐवजी पाच-सहा पिनांचा प्लग असेल, तर ती आपोआप मागे फिरणाऱ्या काचेची मोटर आहे आणि आपल्या वायरिंगवर चालणार नाही.

मग ती नाकाशी धरा. जळक्या वार्निशचा वास आला, तर परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो. गिअर बोटांनी हलवून पाहा. तो बाहेरून फिरायला नको, कारण आतला वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, उलट दिशेने फिरू देत नाही आणि त्याच गुणामुळे काच मध्येच घसरत नाही. गिअर हाताने फिरला, तर आतले प्लास्टिकचे दाते गेलेले आहेत. शेवटी दुकानदाराला बॅटरीवर मोटर दोन्ही दिशांना चालवून दाखवायला सांगा, आणि ती फिरत असताना फडक्याने गिअर धरून थोडा दाब द्या. आवाज थोडा जड व्हावा, पण फिरणे थांबू नये. ब्रशांच्या बाजूने ठिणग्यांचा चटचटाट येत असेल, तर ढिगातली दुसरी मागा. कैचीचे मशीन असेल, तर बसवण्याआधी वर पहिल्या उत्तरात दिलेली स्प्रिंगची सूचना पुन्हा वाचून घ्या.